पार्किन्सन्समधला ताठरपणा: हात सरळ करायला गेलं की अंग विरोध का करतं?

प्रश्न असा आहे: सासऱ्यांचं वय ७१, चार वर्षांपासून पार्किन्सन्स. कंप थोडाच, पण उजवा हात आणि मान फार कडक झाली आहे. शर्ट घालताना हात सरळ करायला गेलं की ते ओढून धरतात, ‘सैल सोडा’ म्हटलं की आणखी कडक होतात. सासूबाईंना वाटतं ते मुद्दाम करतात. मालिशवाले काका म्हणतात, जोर लावल्याशिवाय सांधा मोकळा होणार नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी संध्याकाळी पुन्हा तेच. आता कुणीतरी कंपनं देणारी खुर्ची घ्यायला सांगितलंय. काय करावं?

ताई, मालिश बंद करा असं मी म्हणत नाही, पण तो जोर मात्र आजपासून बंद. कारण पुढे येईलच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पार्किन्सन्सचे बरेच रुग्ण घरी जाऊन बघते आणि ‘मुद्दाम करतात’ ही तक्रार बहुतेक घरांत ऐकते. ती करणारं माणूस सहसा वाईट नसतं, दिवसरात्र करून करून थकलेलं असतं. शिवाय हाताला जे जाणवतं ते खरोखरच विरोधासारखं जाणवतं. आपण ओढतो, समोरून कुणीतरी धरून ठेवतं. पण धरून ठेवणं तुमच्या सासऱ्यांच्या हातात नाही, अगदी शब्दशः.

आपण आराम करत असतो तेव्हा निरोगी स्नायू जवळजवळ गप्प असतो. पार्किन्सन्समध्ये तो गप्प बसत नाही. विद्युत आलेख काढला तर निवांत बसलेल्या माणसाच्या स्नायूतही हालचाल चालू दिसते. मेंदूच्या तळाशी एक काळसर भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या पेशी कमी होत गेल्या की स्नायूंचा ताण किती ठेवायचा, ताणला गेल्यावर त्याने किती प्रतिकार करायचा, याचं गणित बिघडतं. हात वाकवणारे आणि सरळ करणारे, दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताठ राहतात. म्हणून कुठल्याही दिशेला हलवा, अडतंच. ताकद मात्र बऱ्यापैकी शाबूत असते, आणि घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘एवढा जोर आहे तर मग शर्टात हात का घालत नाहीत?’

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात कंप आहे, वाकलेली चाल आहे, पण ताठरपणाचं नीट वर्णन नाही. त्याच्या सहा रुग्णांपैकी काही तर त्याने रस्त्यातच पाहिलेले होते, सगळ्यांचे हात धरून तपासलेच नव्हते. ते काम नंतर पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरने केलं, आणि आजाराला पार्किन्सनचं नाव देण्याचा आग्रहही त्याचाच. हे सांगायचं कारण एवढंच, की ताठरपणा लांबून बघून कळत नाही. हात लावूनच कळतो. व्हिडिओ पाठवून ‘किती कडक आहे सांगा’ असं लोक विचारतात तेव्हा माझी पंचाईत होते ती यामुळेच.

आता तपासणी कशी करते ते सांगते, कारण शर्टाचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

रुग्णाला पाठ टेकवून खुर्चीत बसवते, दोन्ही हात मांडीवर. त्यांचं कोपर माझ्या एका तळव्यात आणि मनगट दुसऱ्या हातात. सावकाश वाकवायचं, सावकाश सरळ करायचं. पार्किन्सन्सच्या हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच विरोध लागतो आणि वेग बदलला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा असते, तिच्यावर अंगठा ठेवला तर कधी कधी हालचाल सलग न होता अडत अडत, टप्प्याटप्प्याने होतेय असं जाणवतं. कॅमिलो निग्रो या इटालियन डॉक्टरने १९०१ मध्ये याचं वर्णन केलं, आणि ‘दातेरी चाकासारखा ताठरपणा’ हे नाव तेव्हापासून चालत आलंय. ताठरपणावर कंप स्वार झाला की असं होतं, मग तो कंप डोळ्यांना दिसत नसला तरी.

यानंतर मी म्हणते, ‘काका, दुसऱ्या हाताची मूठ उघडा-मिटा.’ ते सुरू झालं रे झालं की माझ्या हातातलं कोपर कडक होतं. ज्यूल फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरने १९२० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्याच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते: माणूस उभा असेल, तोल सांभाळत असेल, तर ताठरपणा वाढतो. नीट आधार देऊन बसवलं की कमी होतो.

आता सकाळचा शर्ट आठवा. सासरे पलंगाजवळ उभे असतात, तोल सांभाळत असतात, डाव्या हाताने कपाटाचं दार किंवा तुमचा खांदा घट्ट पकडलेला असतो आणि तेवढ्यात तुम्ही उजवा हात बाहीत घालायला बघता. म्हणजे ताठरपणा वाढवायला जे जे लागतं ते सगळं आपण तिथे जमवून ठेवलेलं असतं. वरून ‘सैल सोडा, सैल सोडा’ची घाई. सैल सोडणं हेच त्यांना येत नाही, आणि प्रयत्न केला की उलट ताण वाढतो.

तर असं करा. हातांच्या खुर्चीत बसवा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. डावा हात मांडीवर मोकळा, काहीही पकडायचं नाही. आधी उजवी, म्हणजे कडक बाजू बाहीत घालायची, डावी नंतर. काढताना उलटं, आधी डावी. मनगट धरून ओढू नका. कोपराखाली तळवा लावून हाताचं वजन आपण घ्यायचं आणि क्षणभर थांबायचं. तळव्यावर वजन उतरल्यासारखं वाटलं की मग पुढे सरकायचं. अडलं तर ओढायच्या आधी दंड थोडा आत-बाहेर फिरवून बघा. थेट ओढण्यापेक्षा फिरवण्याला हा ताठरपणा लवकर दाद देतो. सदऱ्याऐवजी पुढून उघडणारा, एक माप मोठा शर्ट घ्या. बटणं त्यांना लावू द्या, वेळ लागला तरी.

एक अपवाद आहे. हात सावकाश नेला तर येतो, पण जरा जोर किंवा घाई केली की तेवढ्याच जोराने उलट ढकलला जातो, कधी तर स्वतःहून मदत केल्यासारखा आपल्याबरोबर येतो, असं होत असेल तर तो ताठरपणा वेगळ्या जातीचा असू शकतो. विसरभोळेपणा वाढत चाललेल्या रुग्णांत तो दिसतो. तोही मुद्दाम केलेला नसतोच, पण पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगा. आणि लकव्यानंतर येणारा कडकपणा आणखी निराळा: तिथे झटकन ओढलं की हात अडकतो आणि मग एकदम सुटतो. शेजारच्या लकवा झालेल्या आजोबांच्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. गुंगी येईल आणि तोल जाईल, एवढाच फायदा.

आता मालिशवाले काका. कोमट तेल, हलका हात, दहा-पंधरा मिनिटं, याने बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खोटं नाही. पण सांधा ‘अडकलेला’ आहे आणि जोराने ‘सुटेल’ हा समज चुकीचा. खांद्याच्या कंडरा या वयात आधीच झिजलेल्या असतात, हाडं ठिसूळ असतात. ओढाताणीत कंडरा फाटली तर सूज येते, सूज आली की दुखतं, दुखलं की ताठरपणा वाढतो. मानेचं तर विचारूच नका. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडणारे न्हावी अजून गावोगाव आहेत. सासऱ्यांना तिथे नेत असाल तर ‘मानेला हात लावायचा नाही’ हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगून ठेवा.

खांद्याचा विषय निघालाच आहे तर जरा विषयांतर करते. पार्किन्सन्सचं पहिलं लक्षण कंपच असतं असं नाही. कितीतरी जणांना सुरुवात एका खांद्याच्या दुखण्याने होते. ‘खांदा आखडलाय’ म्हणून शेक, इंजेक्शनं, व्यायाम असं सगळं होतं आणि वर्ष-दीड वर्षाने कुणाच्या तरी लक्षात येतं की हा हात चालताना हलतच नाही. खांदा साठीच्या पुढे एकाच बाजूचा आखडला असेल आणि सोबत तो हात न झुलणं, अक्षर बारीक होत जाणं, वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठता यांपैकी काही असेल तर हाडांच्या डॉक्टरांबरोबर न्यूरोलॉजिस्टलाही दाखवावं. एमआरआय बहुधा स्वच्छ येतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. हे निदान मुख्यतः तपासून होतं, आणि त्यात हालचाल मंदावलेली असणं ही पहिली अट असते. ताठरपणा किंवा कंप तिच्या जोडीला.

गोळीकडे येऊ. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण चार वर्षं झालीत आणि डोस वाढवलाय म्हणजे लेव्होडोपा असणार, मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं ते औषध. दुकानात ते सिंडोपा किंवा टिडोमेट नावाने मिळतं. ताठरपणावर याच्याइतकं चांगलं औषध आजही दुसरं नाही. अडचण अशी, की सुरुवातीची काही वर्षं तीन वेळच्या गोळ्या दिवसभर पुरतात, मग एकेका गोळीचा असर आखूड होत जातो. पुढची गोळी यायच्या आत अंग पुन्हा आखडायला लागतं. ‘संध्याकाळी तेच’ या तुमच्या दोन शब्दांत बहुधा हीच गोष्ट आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन-चार दिवस एक वही ठेवा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात गोळी, तिसऱ्यात काय खाल्लं, चौथ्यात हात कसा आहे: मोकळा, मध्यम की कडक. तासातासाला एक शब्द पुरे. ही वही डॉक्टरांना ‘फरक नाही’ या वाक्यापेक्षा दहापट उपयोगी पडते. डोस वाढवायचा, की तेवढाच डोस जास्त वेळा विभागून द्यायचा, की सोबत दुसरं औषध जोडायचं, हे त्यावरून ठरतं. ते डॉक्टरच ठरवतील, आपण घरी अर्धी-पाव गोळी वरखाली करायची नाही.

खाण्याचा रकाना मी उगाच घालायला सांगितलेला नाही. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरतं ते प्रथिनांच्याच वाटेने. पोटात त्याच वेळी दूध, वरण, उसळ, अंडं, मटण असेल तर वाटेत गर्दी होते आणि गोळी मागे पडते. आपल्याकडे गोळी कपभर दुधाबरोबर द्यायची पद्धत घराघरांत आहे, आणि ‘गोळी लागूच पडत नाही’ याचं कारण कितीदा तरी तो कपच निघतो. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर एखादं बिस्किट चालेल. प्रथिनं बंद करायची नाहीत, या वयात ती हवीतच. फक्त वेळ जुळवायची. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि ही यांत दोन तासांचं तरी अंतर ठेवा. पोट साफ होत नसेल तर त्याचाही उपाय करा, कारण आतडी सुस्त असली की गोळीही पोटात रेंगाळते.

कपिकच्छूचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण कुणी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. म्हणूनच मोजमाप नसताना ते गोळीच्या जोडीला घेणं बरं नाही.

आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा, पित्ताच्या आणि चक्करच्या गोळ्यांसकट. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोलबरोबर घातलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करवर वर्षानुवर्षं चालू राहणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन: ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. ज्याला आजार आहे त्याचा ताठरपणा यांनी वाढतो आणि ज्याला नाही त्यालाही पार्किन्सन्ससारखं होऊ शकतं. दवाखान्यात तेवढ्यापुरती दिलेली गोळी पुढे मेडिकलवाल्याकडून महिनोनमहिने आणली जाते, हे मी सतत बघते. नेमकी गोळी सापडून बंद झाली तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळदा सुधारणा होते. उलटीसाठी काही द्यावंच लागलं तर डॉक्टर बहुतेकदा डॉमपेरिडोन निवडतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही.

पार्किन्सन्सची गोळी मात्र एकदम बंद करायची नाही, कुठल्याही कारणाने. प्रवासात संपली, कंटाळा आला, ‘शरीराला विश्रांती देऊ’, काहीही असो. अचानक थांबवल्यावर तीव्र ताठरपणा, खूप ताप, असंबद्ध बोलणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. असं दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. मोतीबिंदू, हर्निया, मोडलेलं हाड अशा कशासाठीही भरती करावं लागलं तर ‘उपाशी ठेवायचंय’ म्हणून या गोळ्याही थांबवल्या जातात. तेव्हा भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, की गोळीचं काय? घोटभर पाण्याबरोबर किंवा नाकातल्या नळीतून ती देता येते.

आता माझं काम. कडकपणाचे दोन थर असतात. वरचा थर मेंदूकडून येणारा, तो गोळीने सैल होतो. खालचा थर वर्षानुवर्षं न हलल्याने आखूड झालेल्या स्नायूंचा आणि आवळलेल्या सांध्यांचा. त्यावर कुठलीही गोळी चालत नाही. दोन्ही ओळखायची सोपी युक्ती: सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने, अंग सगळ्यात मोकळं असताना, त्यांना उताणं झोपवून हात डोक्याकडे न्या. तेव्हाही जिथे अडतं तो खालचा थर. चार वर्षांत तो फार वाढलेला नसावा, आणि रोज ताणत राहिलं तर बऱ्यापैकी परत मिळवता येतो.

व्यायामाची वेळही हीच, गोळीनंतर पाऊण तास ते तास. सकाळी उठल्याबरोबर कडक अंगाला व्यायाम करायला लावणं हा दोघांचाही छळ आहे. काय करायचं? सगळ्यात आधी धड फिरवणं, कारण ताठरपणात तेच पहिलं जातं आणि माणूस अख्खाच्या अख्खा एकदम वळतो. खुर्चीत बसून दोन्ही हात छातीवर घेऊन डावीकडे-उजवीकडे मागे बघणं. उताणं झोपून गुडघे वाकवून दोन्ही गुडघे एका बाजूला, मग दुसऱ्या. ताण आला की तिथे वीस-तीस सेकंद थांबायचं, झटके द्यायचे नाहीत. मानेसाठी जाड लोड काढून टाका. उशी आठवड्या-आठवड्याने पातळ करत न्या आणि रोज थोडा वेळ तरी सपाट झोपू द्या. बाकी जी हालचाल कराल ती मोठी करायची: हात झुलवायचा तर अतिशयोक्ती वाटेल इतका, पाऊल टाकायचं तर टाच आधी आणि लांब. त्यांना जे ‘फार मोठं’ वाटतं ते आपल्याला जेमतेम नेहमीसारखं दिसतं.

रात्री कूस वळता येत नाही, हे बहुधा ते तुम्हाला सांगत नसतील. विचारून बघा. खड्डा पडलेली कापसाची गादी आणि अंगावर जड गोधडी असेल तर ताठर माणूस तिथेच रुतून राहतो. गादी जरा घट्ट, पांघरूण हलकं, पायजमा गुळगुळीत कापडाचा, एवढ्यानेच फरक पडतो. क्रम असा शिकवा: गुडघे वर, मान ज्या बाजूला वळायचंय तिकडे, दोन्ही हात त्या दिशेला, आणि मग गुडघे सोडून द्यायचे. पहाटे पायाची बोटं आत मुडपून पोटरीत कळा येत असतील तर तो ताठरपणा वेगळा, रात्री गोळीचा असर संपल्याने येणारा. तेही वहीत लिहा, त्यावर उपाय आहेत.

एकट्याने व्यायाम टिकत नाही, हा माझा अनुभव. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पीडीएमडीएस ही संस्थाही रुग्णांचे गट चालवते. जमेल तिथे जोडून द्या. सासूबाईंनाही न्या. तिथे दुसऱ्याचे यजमान तसाच हात ओढून धरताना दिसले की ‘मुद्दाम करतात’ हे आपोआप बंद होईल, माझ्या सांगण्याने होणार नाही.

राहिली खुर्ची. ती कल्पना नवी नाही. रेल्वेने किंवा घोडागाडीने लांबचा प्रवास करून आलेले रुग्ण ‘आज मोकळं वाटतंय’ म्हणतात, हे शार्कोच्याच लक्षात आलं होतं आणि त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली होती. २०१२ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी हे पुन्हा तपासलं. काही रुग्णांना कंपनं आणि ऐकवायचे आवाज दोन्ही दिले, काहींना नुसतेच आवाज ऐकवले. बरं दोन्हीकडे सारखंच वाटलं. त्यामुळे त्या खुर्चीचे पैसे मी तरी घालणार नाही. त्याऐवजी संडासात आणि बाथरूममध्ये भिंतीला पक्क्या दांड्या बसवा, आणि नेहमीच्या बसण्यासाठी हातांची, जरा उंच बैठकीची लाकडी खुर्ची घ्या. खोल सोफ्यातून त्यांना काखेत हात घालून उठवत असाल तर उजव्या खांद्याचं अर्धं दुखणं तिथूनच येत असण्याची शक्यता आहे.